जुन्या गाडीचे मंद दिवे: दोष अर्थिंगचा

माझ्या जुन्या गाडीचा ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मिणमिणायचा, आणि टेल लाइट मंदावायचा. एकाच बाजूचे दिवे असे एकमेकांत गुंतले, की बल्ब बदलत बसू नये. करंटला परतीची वाट, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारं अर्थिंग, सापडत नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून घुसतो.

मल्टिमीटर घेतला. दिवा चालू ठेवूनच मोजायचं, कारण बंद दिव्यावर खराब जोडणीही छान दिसते. बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं बल्बच्या होल्डरच्या पत्र्यावर. इथे जेमतेम ०.२ व्होल्ट यावेत. माझ्याकडे जवळपास दोन येत होते. म्हणजे तेवढं व्होल्टेज गंजातच अडकत होतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर साध्या बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो.

अर्थिंगचा स्क्रू काढला, खालचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, नवा रिंग टर्मिनल घट्ट बसवला, वरून पेट्रोलियम जेली. होल्डरची पितळी पट्टीही घासली. मिणमिणणं गेलं.

हेडलाइटची गोष्ट वेगळी निघाली. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊएक अँपियर, आणि ते सगळे डॅशबोर्डच्या म्हाताऱ्या स्विचमधून! स्विच हाताला गरम लागायचा. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर नेली, लो आणि हाय बीमसाठी वेगळे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले. आता स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार येतो. मोठ्या अँपियरचा फ्यूज घालून काम भागवू नका, आधी वायर जळेल.