बार-टेल्ड गॉडविट दिसला? नोंद पक्की कशी करायची

ठाण्याच्या खाडीत किंवा उरणला गॉडविटांचा, म्हणजे लांब चोचीच्या किनारपक्ष्यांचा थवा दिसला, तर तो बहुतेक ब्लॅक-टेल्डचा, म्हणजे काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांचा असतो. त्यात बार-टेल्ड एखादाच मिळतो. अलिबागजवळच्या आक्षीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर तो भेटण्याची शक्यता जरा जास्त.

पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोहोचा. कोकणातला जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास. ओहोटीत पक्षी इतके लांब जातात की स्कोपमधूनही (तिवईवरच्या दुर्बिणीतूनही) नुसते ठिपके दिसतात. उधाणाला चिखल पार बुडतो आणि पक्षी मिठागरांवर दाटीने विसावतात. तिथे जवळ जाऊन त्यांना उडवू नका.

हिवाळ्यात आधी पाठ बघा. ब्लॅक-टेल्डची पाठ सपाट राखी-तपकिरी, बार-टेल्डची कर्ल्यू या बाकदार चोचीच्या किनारपक्ष्यासारखी रेघारेघांची. नुसत्या चोचीवर जाऊ नका. बार-टेल्डची चोच किंचित वर वळलेली असते खरी, पण पक्षी तिरका उभा असेल तर हा बाक दिसतच नाही, आणि भर दुपारच्या उन्हात पाठीवरच्या रेघाही पुसल्यासारख्या वाटतात. म्हणून सूर्य पाठीशी ठेवा.

पक्का पुरावा पंखात आहे. ब्लॅक-टेल्डच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा असतो, बार-टेल्डच्या नसतो. पक्षी पिसे साफ करून झाली की पंख वर ताणतो. तेवढ्यासाठी कॅमेऱ्याचा शटर १/२००० सेकंदावर ठेवून थांबा. फोटो धूसर आला तरी चालेल. शेजारी ओळखीचा पक्षी असलेली एक फ्रेमही घ्या, आकार त्यावरून कळतो.

ईबर्डवर, म्हणजे पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर, दिवसभराची एकच यादी टाकू नका. जागा बदलली की नवी यादी, आणि संख्येच्या जागी ‘X’ (दिसला, पण मोजला नाही) नको. दुर्मीळ नोंदीला शेरा मागितला जातो, तिथे ‘नक्की तोच, खात्री आहे’ लिहून नोंद तपासणाऱ्या रिव्ह्यूअरच्या हाती काही लागत नाही. असे लिहा: ‘१ पक्षी, ४० ब्लॅक-टेल्डमध्ये. पाठ रेघांची, पाय तुलनेने आखूड, पंख ताणल्यावर पांढरा पट्टा नाही. अंतर ६० मीटर, ऊन पाठीमागून.’

पायात फ्लॅग (अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली रंगीत पट्टी) असेल तर रंग, डावा की उजवा पाय, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर की खाली, आणि अक्षरे लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. फोटो आरशातल्यासारखा उलटा (फ्लिप) करून क्रॉप केला, तर डाव्याचा उजवा होतो.