व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसाठी परवडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा निवडावा

घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जुळवायला बसलेला माणूस बहुधा आधी व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, विकत घेतो, मग सर्किट शोधतो आणि अगदी शेवटी, खिसा रिकामा झाल्यावर, आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे, वळतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात रेझिस्टर, कपॅसिटर आणि सॉकेट टपालाने मागवता येतात, जुने ईएल८४ किंवा ६व्ही६ व्हॉल्व्हही कोणाच्या तरी माळ्यावर निघतात; पण तयार आउटपुट ट्रान्सफॉर्मर दुकानात मागितला, तर दुकानदार घंटेचा ट्रान्सफॉर्मर काढून दाखवतो. कॅनडाच्या हॅमंडसारख्या कंपन्यांचा माल उत्तम असतो, परंतु लोखंड आणि तांब्याचे ते वजन समुद्रापलीकडून आणायचे म्हणजे वाहतूक आणि जकात मिळून मूळ किमतीला लाजवतात. म्हणून आपल्याला कोणता ट्रान्सफॉर्मर मिळू शकतो किंवा गुंडाळून घेता येतो ते आधी ठरवावे आणि त्याला शोभेल असा व्हॉल्व्ह मग निवडावा.

ट्रान्सफॉर्मरचे काम मुळात जुळवणीचे आहे. ईएल८४ हा व्हॉल्व्ह एकट्याने चालवला, म्हणजे सिंगल एंडेड जोडणीत, तर २५० व्होल्टवर त्याला सुमारे ५२०० ओहमचा भार हवा असतो. ६व्ही६ला त्याच व्होल्टेजवर ५००० ओहम पुरतात. आपला स्पीकर मात्र ८ किंवा ४ ओहमचा असतो. प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) आणि सेकंडरी (स्पीकरकडची गुंडाळी) यांच्या फेऱ्यांचे जे गुणोत्तर असते, त्याच्या वर्गाने स्पीकरचा ओहम गुणला की व्हॉल्व्हला दिसणारा भार मिळतो. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, आणि त्याचे वर्गमूळ २५. अर्थात २५ फेऱ्यांना १ फेरा. याच ट्रान्सफॉर्मरला ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर व्हॉल्व्हला भार २५०० ओहमचाच दिसेल. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा असा ओहम नसतो. तो फक्त गुणोत्तर बाळगतो, आणि ओहम येतो तो स्पीकरकडून. जुन्या मालावर चिकटवलेल्या ‘५के’ (५००० ओहम) अशा चिठ्ठीवर त्यामुळे विसंबू नये; ती चिठ्ठी कोणत्या स्पीकरला धरून लिहिली आहे, ते विचारावे.

दुसरा प्रश्न फटीचा आहे, आणि स्वस्तात काम करू पाहणारे बहुतेक लोक इथेच फसतात. सिंगल एंडेड जोडणीत व्हॉल्व्हचा सगळा स्थिर प्रवाह, ६व्ही६ असेल तर ४५ मिलिअँपियरच्या आसपास, सतत प्रायमरीतून वाहत असतो आणि गाभा एका बाजूला चुंबकित करून ठेवतो. त्यामुळे गाभ्याचे ‘ई’ आकाराचे सगळे पत्रे एका बाजूने आणि ‘आय’ आकाराचे पत्रे समोरून बसवून मध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढणाऱ्या पुश-पुल जोडणीत दोन्ही अर्ध्या गुंडाळ्यांचे स्थिर प्रवाह एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. तिथे पत्रे नेहमीप्रमाणे एकाआड एक उलटसुलट घालतात आणि फट नको असते. भंगारात मिळणारे जवळजवळ सगळे ट्रान्सफॉर्मर या दुसऱ्या प्रकारचे असतात. टोरॉइड, म्हणजे कड्यासारख्या गोल गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, हाही याच प्रकारात मोडतो, आणि दोन व्हॉल्व्हच्या प्रवाहांतला काही मिलिअँपियरचा फरकसुद्धा त्याला सोसत नाही. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्वस्त मार्गांपैकी जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ट्रान्सफॉर्मर सर्वांना आधी आठवतो. मर्फी, बुश, फिलिप्स यांचे रेडिओ आपल्याकडे घरोघरी होते, आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर फटीसह तयार असतो, ही त्याची जमेची बाजू आहे. पण त्याचा गाभा काडेपेटीहून फारसा मोठा नसतो. खर्ज त्यातून उतरत नाही. एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या संचांत यूएल८४सारखे व्हॉल्व्ह असत आणि त्यांना अडीच हजार ओहमच्या आसपास भार लागे, म्हणून तो ट्रान्सफॉर्मर ईएल८४ला जसाच्या तसा जोडू नये. हेडफोनसाठी किंवा सरावासाठी तो चांगला आहे, आणि चालू स्थितीतला रेडिओ केवळ ट्रान्सफॉर्मरसाठी फोडू नये, एवढीच विनंती.

दुसरा मार्ग जत्रा आणि गणेशोत्सवाच्या मंडपांतून जातो. भोंगे आणि कॉलम स्पीकर यांच्या मागे १०० व्होल्ट लाइनचा, म्हणजे लांब तारेवरून १०० व्होल्टने येणारा आवाज स्पीकरला जुळवणारा, ट्रान्सफॉर्मर असतो आणि लाउडस्पीकरवाल्यांकडे असे निकामी झालेले भोंगे ढिगाने पडलेले असतात. त्याच्या टॅपवर (गुंडाळीतून मध्ये काढलेल्या जोडटोकांवर) ओहम न लिहिता वॅट लिहितात. १०,००० भागिले वॅट केले की ओहम मिळतात. ५ वॅटचा टॅप २००० ओहम, अडीच वॅटचा ४०००, सव्वा वॅटचा ८०००. यात एक सुरेख सोय दडलेली आहे. ओहम चौपट म्हणजे फेरे दुप्पट, म्हणून ५ वॅटचा टॅप हा सव्वा वॅटच्या गुंडाळीचा बरोबर मध्यबिंदू ठरतो. कॉमन (सगळ्या टॅपना सामाईक असलेले टोक) आणि सव्वा वॅट ही दोन टोके दोन ईएल८४च्या प्लेटना जोडावीत, ५ वॅटच्या टॅपला हाय टेन्शन (व्हॉल्व्हना लागणारे उंच डीसी व्होल्टेज) द्यावे, की ८००० ओहमचा पुश-पुल ट्रान्सफॉर्मर तयार होतो. हाच आकडा दोन ईएल८४ना मानवतो. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ५ वॅटच्या टॅपपर्यंतची अर्धी गुंडाळी १०० व्होल्टसाठी केलेली असते आणि ८००० ओहमवर ५ वॅट काढायचे तर सगळ्या गुंडाळीवर २०० व्होल्ट, म्हणजे प्रत्येक अर्ध्यावर १०० व्होल्ट येतात. जो ट्रान्सफॉर्मर त्या टॅपवर १०० व्होल्टला ७० हर्ट्झपर्यंत नीट चालतो, तो इथेही ५ वॅटला ७० हर्ट्झच्या खाली गुदमरू लागतो. बैठकीच्या खोलीत बेताच्या आवाजात ऐकणाऱ्याला ही तडजोड चालून जाते. टॅप शक्य तितके जास्त आणि गाभा शक्य तितका मोठा, असा नग निवडावा.

तिसरा मार्ग साध्या वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरचा. २३० व्होल्टला ९ व्होल्ट हे गुणोत्तर कागदावर ८ ओहमला ५२०० ओहमच्या जवळ नेते आणि माणूस खूश होतो. पण ९ व्होल्ट हा आकडा पूर्ण भारावरचा असतो. भार नसताना तोच ट्रान्सफॉर्मर साडेदहाच्या जवळ दाखवतो, आणि खरे गुणोत्तर हिशेबात धरले की हाती चार हजारांहूनही कमी ओहम उरतात. मी स्वतः असा एक ट्रान्सफॉर्मर, पत्रे न हलवता, एकट्या ६व्ही६ला जोडला होता. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे ध्वनिमुद्रण लावले; आवाज छान आला, पण डग्गा जणू खोक्यावर वाजत होता. गाभा आधीच भरलेला, मग खर्जाला जागा कुठून मिळणार? शेवटी पत्रे काढले. वार्निशने घट्ट धरलेला पहिला ‘ई’ जुन्या सुरीचे पाते घालून सोडवावा लागतो. तो बहुधा वाकतो आणि फेकून द्यावा लागतो, त्यानंतरचे एकेक सुटत जातात. सगळे ‘ई’ एका बाजूने भरून, ‘आय’च्या गठ्ठ्यासमोर वहीचे एक पान ठेवून पुन्हा आवळले आणि डग्ग्याला घुमारा आला.

या भागात राहणाऱ्याला मी सगळ्यात आधी चौथा मार्ग सुचवेन, तो म्हणजे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणे. उसाच्या पंपांमुळे मोटार रिवाइंडिंगची दुकाने प्रत्येक बाजारगावात आहेत, आणि उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारेही भेटतात. कारागिराकडे तार, वार्निश आणि मोजणीचा काटा असलेले हाताने फिरवायचे यंत्र असतेच. त्याला लागतो तो नेमका कागद. ५ वॅटच्या सिंगल एंडेड ६व्ही६साठी तो कागद असा लिहावा. मधली जीभ २५ मिलिमीटर रुंद असलेले सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरसाठी बनवलेले सिलिकॉन पोलादी) पत्रे, थर २५ मिलिमीटर जाड. प्रायमरी ३००० फेरे, ३६ गेज. बॉबिनमध्ये मावत नसेल, तर ३८ गेज. सेकंडरी ८ ओहमसाठी १२० फेरे, २१ गेज, आणि ४ ओहमचा टॅप ८५व्या फेऱ्यावर. फट ०.१ मिलिमीटर कागदाची. हा कागद मधल्या आणि बाजूच्या पायांवरही येत असल्याने चुंबकीय वाटेत एकूण ०.२ मिलिमीटर फट पडते. या आकड्यांवर ४० हर्ट्झला पूर्ण ५ वॅट काढताना गाभ्यातली घनता स्थिर प्रवाह धरून १.३ टेस्लाच्या आसपास राहते आणि चांगल्या पत्र्याला ती झेपते.

त्याच कागदावर गुंडाळण्याचा क्रमही लिहावा, कारण तीव्र स्वर त्यावरच अवलंबून असतात. सगळी प्रायमरी खाली आणि सेकंडरी वर घातली, तर दोन गुंडाळ्यांत चुंबकीय गळती राहते आणि तानपुऱ्याची जवारी बोथट होते. १५०० फेरे प्रायमरी, मग सगळी सेकंडरी, मग उरलेले १५०० फेरे प्रायमरी, एवढे केले तरी ती गळती सुमारे एक चतुर्थांशावर येते. प्रायमरीचे दोन्ही भाग एकाच दिशेने गुंडाळून एकापुढे एक जोडायचे, हेही स्पष्ट लिहावे. याहून बारीक थर करता येतात, पण त्याचा मोबदला कारागीर मागणारच, आणि पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याची गरज नाही. गुंडाळ्यांच्या मध्ये पॉलिस्टर फिल्मचे दोन-तीन पदर मात्र न चुकता घालून घ्यावेत. सेकंडरी हाताला लागते आणि प्रायमरीवर ३०० व्होल्ट असतात.

पत्रे भरताना मात्र स्वतः शेजारी बसावे. माझ्या पहिल्या कामात मेस्त्रींनी फेरे चोख मोजले, गुंडाळी देखणी केली आणि मी चहा आणायला गेलो तेवढ्यात हाताच्या सवयीने पत्रे उलटसुलट भरून टाकले. ‘फट ठेवली तर गुणगुणतंय की ओ ते,’ असे त्यांचे म्हणणे, आणि वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरपुरते ते अगदी खरे होते. पुन्हा सगळे काढावे लागले. तेव्हापासून मी कागदावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत, ‘सर्व ई एका बाजूने’ असे लिहितो.

माल हाती आल्यावर तपासणी घरी करता येते. आधी वजन पाहावे: वर सांगितलेला ट्रान्सफॉर्मर एक किलोच्या आसपास भरतो, आणि ५ वॅट सिंगल एंडेड म्हणून दाखवलेला नग अर्ध्या किलोच्या आत असेल, तर त्याच्याकडून खर्जाची अपेक्षा करू नये. मल्टिमीटरने प्रायमरीचा रोध मोजावा. अडीचशे ते चारशे ओहम ठीक. पुश-पुलच्या दोन अर्ध्यांत थोडा फरक दिसला तर घाबरू नये, कारण बाहेरच्या फेऱ्यांना तार जास्त लागते. मग दुसऱ्या लहान ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी प्रायमरीला द्यावेत आणि सेकंडरीवरचे व्होल्ट मोजावेत. प्रायमरीवर १२.४ आणि सेकंडरीवर ०.४७ आले, तर गुणोत्तर २६.४ आणि ८ ओहमला भार सुमारे ५५७० ओहम. ही मोजणी उलटी करू नये. सेकंडरीला ६ व्होल्ट दिले तर प्रायमरीवर दीडशे व्होल्ट उभे राहतात आणि हात तिथेच असतो.

इंडक्टन्स (गुंडाळी एसीला किती अडवते ते ठरवणारे माप, हेन्रीत) मोजण्यासाठी त्याच १२ व्होल्टच्या वाटेत प्रायमरीबरोबर १०,००० ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडावा आणि दोघांवरचे व्होल्ट वेगवेगळे मोजावेत. रेझिस्टरवरच्या व्होल्टवरून प्रवाह, त्यावरून प्रायमरीचा अडथळा, आणि त्याला ३१४ ने भागले की हेन्री मिळतात. ५००० ओहमच्या भाराला १६ हेन्री असतील, तर ५० हर्ट्झपर्यंत आवाज टिकतो. वीसच्या वर गेले तर समाधान मानावे. शेवटी मोटारवाल्याचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात, आणि मग प्रायमरी आणि गाभा यांच्यात लावून घ्यावा. खानापूर किंवा जांबोटीकडच्या पावसाळ्यात ही चाचणी टाळणे म्हणजे विस्तवाशी खेळ; वार्निश भट्टीत नीट न सुकवलेली गुंडाळी तिथे ओल धरते आणि एखाद्या दिवशी आतल्या आत चर्रर्र होऊन तुटते.

जोडणीनंतर स्पीकर काढून अ‍ॅम्प्लिफायर कधीही मोठ्या आवाजावर चालवू नये, कारण भार नसलेल्या प्रायमरीवर उसळणारे व्होल्टेज इन्सुलेशन भेदून जाते; सेकंडरीवर २२० ओहमचा ५ वॅटी रेझिस्टर कायमचा ठेवला की विसरभोळेपणाला आधार मिळतो. खेड्यात संध्याकाळी पंप बंद झाले की वीज चढते, तेव्हा हाय टेन्शन किती होते तेही एकदा मोजून ठेवावे. आणि सेकंडरीवरून फीडबॅक घेतल्यावर, म्हणजे आवाजाचा थोडा भाग आधीच्या टप्प्याला परत दिल्यावर, अ‍ॅम्प्लिफायर किंचाळू लागला, तर ट्रान्सफॉर्मरला दोष देऊ नये: वीज बंद करावी, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करावेत आणि सेकंडरीची दोन टोके एकमेकांच्या जागी लावावीत.