पावसाळ्यात अंगाची स्वच्छता: धुण्याइतकंच कोरडं करणंही महत्त्वाचं

जून ते सप्टेंबर पुण्यात दुचाकीवरून ये-जा करणाऱ्यांचं अंग रोज कित्येक तास ओलं राहतं. बाहेरून पाऊस आणि रेनकोटच्या आत घाम. रोज साबण लावूनही जांघेत नायटा होतो, पायाच्या बोटांत चिखल्या होतात, कारण बुरशीला ऊब आणि ओल लागते आणि नीट न पुसलेल्या अंगावर तिला दोन्ही आयती मिळतात. नळ बंद केला तेव्हा अंघोळ अर्धीच झालेली असते.

साबण रोज हवा तो काखा, जांघा, पावलं, बोटांच्या बेचक्या आणि कानामागे. धूळ किंवा घाम नसेल तर हात, पाय, पाठ नुसत्या पाण्यानेही स्वच्छ होतात. वर्षभर अंगभर भरपूर साबण चोळला की थंडीत कातडी कोरडी पडून खाजते. साधा साबण पुरतो, ‘जंतुनाशक’ लिहिलेल्या महागड्या वडीने रोजच्या वापरात वेगळा फायदा होत नाही. योनीच्या आत मात्र साबण किंवा सुगंधी वॉश मुळीच नको. तिथली आम्लता आणि उपयोगी जिवाणू बिघडले की जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. बाहेरून पाण्याने धुतलं की झालं.

आता पुसणं. रगडू नका, टिपून घ्या. चेहरा, मग धड, काखा, जांघा आणि सगळ्यात शेवटी पावलं, प्रत्येक बेचकीत पंचाचं टोक घालून. काखा-जांघांना दोन मिनिटं पंख्याचा वारा लागू द्या आणि मगच कपडे घाला. चिखल्या असतील तर पावलांना वेगळं फडकं ठेवा आणि चड्डीच्या आधी मोजे घाला. चड्डी उघड्या पावलांवरून वर चढवली की पायाची बुरशी थेट जांघेत जाते. बरा झालेला जांघेतला नायटा पुन्हा पुन्हा उठण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. पावसाळ्यात जाड टर्किश टॉवेलपेक्षा सुती पंचा कधीही बरा, कारण तो दिवसभरात वाळतो. टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट असतो.

पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सगळ्यात अवघड जातं. एका खोलीत चार-पाच जण आणि एकच दोरी, त्यावर सगळ्यांचे पंचे एकमेकांवर टाकलेले. एकाला नायटा झाला की महिन्याभरात खोलीभर पसरायला वेळ लागत नाही. तेव्हा पंचा, वस्तरा, कंगवा आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे, आणि दोरीवर दोन पंच्यांमध्ये वीतभर अंतर. ज्याला नायटा आहे त्याचे कपडे शक्यतो गरम पाण्यात वेगळे धुवा, उलटे करून वाळवा आणि इस्त्री करा. इस्त्री शिवणीवर आणि कमरेच्या पट्टीवर फिरवा, कारण ओल तिथेच राहते. दमट चड्डी ‘अंगावर वाळेल’ म्हणून घालू नका. त्यापेक्षा दोन जोड जास्त घ्या.

नायट्यावर मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब हा या शहरातला, खरं तर सगळ्या देशातलाच मोठा घोळ आहे. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, पण बुरशी आत पसरत राहते आणि काही आठवड्यांत चट्टा दुप्पट होऊन येतो. तोवर त्याचं रूपही बदललेलं असतं, त्यामुळे डॉक्टरांनाही ओळखायला त्रास होतो. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं औषध चट्ट्याच्या कडेपलीकडे साधारण 2 सेंमीपर्यंत लावा आणि खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका.

बुटांचंही तसंच. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला आणि दोन जोड आलटून पालटून वापरा. ऑफिसच्या बॅगेत कोरडे मोजे आणि एक छोटं फडकं असू द्या. दिवसभर एसीत ओल्या मोज्यांवर बसणं म्हणजे चिखल्यांना आमंत्रण. मधुमेह असेल तर रोज रात्री पावलं खालून बघा, कारण संवेदना कमी झाली की जखम कळत नाही.

दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ हा पुण्याचा जुना पोशाख. तो आठवडाभर न धुता बांधला तर घाम, तेल आणि धूळ हनुवटीवर घासली जाऊन पुरळ उठतात. दोन-तीन स्कार्फ ठेवा, रोज एक धुवा. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी घाला आणि आतलं अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा काढून धुवा. केस ओले असताना हेल्मेट घालू नका. कोंडा हटत नसेल तर 2 टक्के किटोकोनाझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून.

हात धुण्याकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष हवं. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याच्या संसर्गानंतर हा आजार होऊ शकतो. हा जिवाणू दूषित पाण्यातून आणि कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. चिकन हाताळल्यावर, संडासहून आल्यावर, बाळाचे लंगोट बदलल्यावर आणि जेवणाआधी हात ओले करा, साबण लावा आणि निदान 20 सेकंद चोळा: तळवे, मागची बाजू, बेचक्या, अंगठे, आणि नखांची टोकं तळव्यावर घासून. बहुतेकांचे अंगठे आणि नखं राहतात. मग धुऊन स्वच्छ फडक्याने पुसा, ओल्या हातांवरून जंतू सहज पसरतात. सॅनिटायझर 60 टक्क्यांच्या वर अल्कोहोलचा असला तरी तेलकट, मळलेल्या हातांवर त्याचं फारसं चालत नाही. पाण्याची शंका असेल तर खळखळ उकळी आल्यावर किमान 1 मिनिट उकळा आणि झाकून ठेवा.

दात दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, फ्लोराइडच्या पेस्टने. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत, ती तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. कानात बड घालू नका, मळ आत ढकलला जातो.

पाळीत पॅड 4 ते 6 तासांनी बदला, रक्त कमी असलं तरी, कारण पावसाळ्यात ओल जास्त वेळ राहिली की कातडी सोलते. कापड वापरत असाल तर ते लपवून आडोशाला नव्हे, उन्हात वाळवा. ऊन नसेल तर पूर्ण कोरडं होईपर्यंत इस्त्री करा. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या मोहिमेतून ही खूण रूढ झाली आहे. ती दिसली की कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडकं हाताने उघडून बघावं लागत नाही.