खाडीपूल ओलांडताना: ट्रकच्या रांगेत अडकू नका

नवी मुंबईतून कारने मुंबईला निघालात, तर वाशी आणि ऐरोली दोन्ही पुलांवर टोल नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना तो माफ आहे. ट्रकना मात्र भरावाच लागतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. नाका दिसला की लोक सवयीने ब्रेक दाबतात, समोर ट्रक दिसला की शेवटच्या क्षणी लेन बदलतात. मीही एकदा गप्पांच्या नादात टँकरच्या मागे अडकलो. टोल शून्य आणि वीस मिनिटं पाण्यात! म्हणून वरचा फलक लांबूनच वाचा आणि लेन आधीच धरा.

शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या अटल सेतूचा हिशेब वेगळा. तिथे टोल आहे, फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना ते घरीच बघा. पुलावर कारला वेगमर्यादा १०० ची, चढ-उताराच्या रॅम्पवर ४० ची. बाइक आणि रिक्षाला प्रवेशच नाही. ऐरोली-रबाळेकरांनी पुण्याला जाताना त्याच्या नादी लागू नये, आधी उलटं शिवडीला जावं लागेल. त्यापेक्षा ठाणे-बेलापूर रस्ता बरा. फक्त एमआयडीसीतल्या शिफ्ट सुटायची वेळ टाळा, कंपन्यांच्या बस एकदम बाहेर पडतात.

आणि हो, हिवाळ्यात ओहोटीला खाडीच्या चिखलात गुलाबी फ्लेमिंगो दिसतात. फोटोसाठी पुलावर गाडी थांबवू नका. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जा, जवळून दिसतील.