खटका आधी, धार नंतर : रोज खिशात ठेवायचा घडीचा चाकू कसा निवडावा

खिशातल्या चाकूला नागपुरात ठरलेली कामे असतात. पार्सलची टेप कापायची, पोत्याची सुतळी तोडायची, पेरू चिरायचा, तर्री पोह्यांसाठी लिंबू कापायचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी कुलरच्या ताट्यांचे जुने बंद सोडवायचे. (संत्र्याला चाकू लावू नये, ते हातानेच सोलावे.) यातल्या एकाही कामाला साडेआठ सेंटिमीटरहून लांब पाते लागत नाही. दुकानात मात्र नजर आधी पात्याच्या चकाकीवर जाते. चाकू पारखावा तो सांध्यापाशी, म्हणजे पाते जिथे मुठीला जोडलेले असते आणि उघडल्यावर जिथे अडकते तिथे. या अडकवणाऱ्या भागालाच खटका म्हणतात. बोथट पात्याला घरी धार लावता येते, पण रिव्हेट ठोकलेला ढिला सांधा घरी दुरुस्त होत नाही.

आधी लांबी ठरवा

शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले चाकू त्यातून वगळले आहेत. पण छोटा चाकू म्हणजे कुठेही, कधीही चालतो असे समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की चाकू जवळ बाळगण्यावरच बंदी येऊ शकते. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनाच्या बाजूला काम असेल, मेट्रोने किंवा कोर्टात जायचे असेल, तर चाकू घरी ठेवा. विमानप्रवासात तो चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको.

बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू घेऊच नका. खिशात चुकून बटण दाबले गेले तर मांडीला जखम होईल, आणि तपासणीत सापडला तर सुतळी कापायला ठेवलाय हे कुणी ऐकून घेणार नाही.

आता आपल्या चार बोटांची रुंदी मोजा. बहुतेकांची ८ ते ९ सेंटिमीटर भरते. मूठ त्याहून दीड-दोन सेंटिमीटर लांब हवी. मूठ १० ते ११ सेंटिमीटर असली की पाते आपोआप ७ ते ८.५ सेंटिमीटरचे येते, कारण घडी केल्यावर ते मुठीतच मावायचे असते.

खटका कोणता

जुन्या घाटाच्या चाकूंत दोन प्रकार खरे. पहिला पाठीवरच्या खटक्याचा. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते आणि ती मधल्या पिनेवर लहान मुलांच्या सी-सॉसारखी झुलते. पाते पूर्ण उघडले की पट्टीचे पुढचे टोक पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत पडते आणि मागची स्प्रिंग ते तिथे दाबून धरते. १९६४ पासून बनणारा अमेरिकेचा बक ११० हा याचा नमुना. मजबुतीत उत्तम, पण मुठीच्या टोकांवरच्या पितळी टोप्यांमुळे वजन सुमारे २०० ग्रॅम. सुती पँटचा खिसा लोंबतो. तो पट्ट्यावरच्या म्यानात शोभतो, खिशासाठी याच घडणीचा छोटा चाकू पाहा.

दुसरा फिरत्या कडीचा. फ्रान्सच्या ओपिनेलचे चाकू १८९० पासूनचे, कडी त्यांना १९५५ मध्ये आली. सांध्याभोवतीची चिरलेली कडी फिरवली की पात्याची परतीची वाट अडते. ८ नंबरचे पाते ८.५ सेंटिमीटर, वजन जेमतेम ४५ ग्रॅम, पाते पातळ, त्यामुळे फळे सुरेख चिरली जातात. अलीकडच्या कड्या बंद चाकूही अडवून ठेवतात, म्हणजे खिशात पाते उघडत नाही. उणीव एकच: कडी फिरवायची ती आपण. विसरलात तर चाकूला खटका नाहीच असे समजा.

मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूने सरकून पाते अडवते, असाही प्रकार मिळतो. वाईट नाही, पण बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पहिल्या चाकूला टाळावा.

दुकानात काय तपासायचे

इतवारीच्या बाजारात घ्या किंवा ऑनलाइन मागवा, ही तपासणी सोडू नका. ऑनलाइन घेताना परतीची मुदत आधी वाचा.

पाते सावकाश उघडा. पाठीचा खटका असेल तर शेवटी स्पष्ट ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट बसली का ते बोट फिरवून पाहा. वर राहिली तर खाचेत घाण आहे किंवा खाच नीट कापलेली नाही. मग टोकाजवळ पाते चिमटीत धरून आधी डावी-उजवीकडे, नंतर वर-खाली हलवा. आडवी किंचित हालचाल स्वस्त चाकूत खपवून घेता येईल, उभी नाही. उभी हालचाल म्हणजे खटका खाचेत पूर्ण उतरलेला नाही, आणि दाबाखाली तो निसटतो.

यानंतर पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवा, मूठ वरून नुसत्या तळव्याने हळूहळू दाबा. बोटे मुठीभोवती वळवू नका, खटका सुटला तर पाते तिथेच येते. आपटायचे मात्र नाही, त्याने चांगला खटकाही बिघडतो.

आता चाकू घट्ट मुठीत धरा. तळव्याच्या दाबाने पाठीचा खटका सैल होतोय का? खटका सोडायला पट्टी जिथे दाबायची ती जागा मुठीच्या मधोमध आणि उंचावलेली असेल तर तसे होते. हा दोष दिसला की चाकू परत करा.

शेवटी मिटलेले पाते मुठीच्या ज्या फटीत बसते तिच्या तळापर्यंत कागदाची पट्टी घालून पाते मिटा. कागद कापला गेला तर धार तळाला घासते आणि दर मिटण्याला त्याच जागी बोथट होते.

पोलाद आणि नागपूरची हवा

कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण लिंबाने ते काही मिनिटांत काळे पडते. हा काळसर थर गंज नव्हे, उलट तो तांबड्या गंजाला काहीसा रोखतो. कापून झाल्यावर फडक्याने पुसायची सवय नसेल तर सरळ स्टेनलेस घ्या. नुसते ‘स्टेनलेस’ असा शिक्का मारलेल्या अगदी स्वस्त चाकूंत पोलाद अनेकदा मऊ असते आणि दोन खोकी कापली की धार वळते.

लाकडी मूठ मे महिन्यात आक्रसते आणि सांधा सैल होतो. जुलैत तीच फुगून पाते इतके घट्ट धरते की नख लावून उघडत नाही. अशा वेळी मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर हलके ठोका, पाते थोडे बाहेर येते. कायमचा उपाय जवसाचे तेल. उन्हाळ्यात पाते उघडे ठेवून मुठीवर पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसा, चार-पाच दिवस वाळू द्या, असे तीनदा. ते पुसलेले फडके चुरगाळून ठेवू नका: जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. हेच तेल सांध्यात मात्र घालू नका, तिथे ते चिकट होऊन बसते. सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे, आणि त्याआधी खाचेतला खिशाचा कचरा काडीने काढा. चांगला खटका अर्धवट बसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हा कचराच असतो.

धार १००० ग्रिटच्या, म्हणजे मध्यम बारीक कणांच्या दगडावर लावा. पाते २ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून ६-७ मिलिमीटर उचला, साधारण २० अंशांचा कोन मिळतो. धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर चाकू दिलाच, तर त्याला पाते दर फेरीनंतर पाण्यात बुडवायला सांगा. धारेवर निळसर झाक दिसली की तिथले पोलाद तापून मऊ झाले, आणि तो भाग पूर्ण घासून काढेपर्यंत तिथे धार टिकत नाही.