प्रॉक्समॉक्सवर येताय? आधी विंडोजच्या ड्रायव्हरचं बघा

व्हीएमवेअरचं फुकटचं ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झालं आणि तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सचं तोवर नावही न काढणाऱ्यांच्या गळ्यात प्रॉक्समॉक्स पडलं. एप्रिल २०२५ मध्ये ईएसएक्सआयची फुकट आवृत्ती परत आली, पण तोवर अनेकांनी गाशा गुंडाळला होता. म्हणून या क्षेत्रात नवीन आलेल्याच्या अंगावर बऱ्याचदा हेच काम येतं: जुनी व्हीएम इकडे आणा.

प्रॉक्समॉक्सच्या एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून त्यासाठी इम्पोर्ट विझार्ड आहे. ईएसएक्सआय होस्ट स्टोरेज म्हणून जोडा, व्हीएम निवडा, इम्पोर्ट दाबा. लिनक्स बहुधा गुपचूप उठतं. विंडोज सर्व्हर मात्र निळा पडदा फेकतो: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. मी डिस्क करप्ट झाली समजून पुन्हा पुन्हा इम्पोर्ट करत बसलो होतो. डिस्क ठणठणीत असते हो! विंडोजकडे व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलरचा (प्रॉक्समॉक्स व्हीएमला डिस्क ज्यातून जोडतं त्या व्हर्च्युअल कंट्रोलरचा) ड्रायव्हरच नसतो, मग ते स्वतःची सी ड्राइव्ह वाचणार कशी?

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे अडकतात. विझार्डच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘प्रिपेअर फॉर व्हर्टआयओ-स्कझी’ टिक करा, म्हणजे बूट डिस्क आधी साटावर (विंडोजच्या ओळखीच्या डिस्क जोडणीवर) लागते आणि विंडोज उठतं. मग व्हर्टआयओचं आयएसओ (ड्रायव्हरच्या सीडीची फाइल) जोडून ड्रायव्हर टाका. एवढ्यावर थांबू नका! नुसता ड्रायव्हर टाकून डिस्क स्कझीवर नेली तरी निळा पडदा येऊ शकतो, कारण बूटच्या वेळी तो लोड व्हायला हवा हे विंडोजला अजून कळलेलं नसतं. ते कळावं म्हणून एक जीबीची रिकामी डिस्क स्कझीवर लावा, ती डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतेय याची खात्री करा, मशीन बंद करा. आता बूट डिस्क डिटॅच करून स्कझीवर जोडा, रिकामी काढून टाका आणि बूट ऑर्डर बदला. बूट ऑर्डर विसरलात की मशीन पुन्हा उठत नाही आणि माणूस परत ड्रायव्हरला शिव्या घालतो.

व्हीएमवेअर टूल्स (व्हीएममध्ये टाकलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर वगैरे) निघण्याआधीच काढा, इकडे आल्यावर त्यांचा अनइन्स्टॉलर रुसतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधी बंद करा, व्हर्च्युअल टीपीएममधला (किल्ल्या ठेवणाऱ्या चिपमधला) मजकूर सोबत येत नाही.

‘अपडेटला ४०१ एरर येतोय’ म्हणून घाबरू नका. सबस्क्रिप्शन नाही, एवढंच. एंटरप्राइझ रेपो (सबस्क्रिप्शनवाल्यांसाठीचा अपडेटचा साठा) बंद करून नो-सबस्क्रिप्शन लावा. पण नेटवरची ‘एका ओळीत सगळं सेट’ छापाची स्क्रिप्ट कंपनीच्या होस्टवर रूट म्हणून चालवू नका, कोणी कितीही सीनियर सांगो. माझ्या मते कमांड हातात देणाऱ्यापेक्षा तुमच्याकडून बॅकअप रिस्टोअर करून घेणारा सीनियर बरा.

प्रॉक्समॉक्स ९.० मध्ये (ऑगस्ट २०२५) शेअर्ड थिक एलव्हीएमवर (अनेक होस्ट मिळून वापरतात त्या, जागा आधीच राखलेल्या स्टोरेजवर) स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची नोंद, आले. सॅन (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज) वापरणाऱ्यांची ही जुनी मागणी, पण आले ते टेक प्रिव्ह्यू, म्हणजे चाचणीपुरते, म्हणून. प्रॉडक्शनवर लगेच उड्या नकोत.

आणि नेटवर्क. विंडोजला कार्ड नवं दिसतं, स्टॅटिक आयपी जुन्या, लपलेल्या कार्डाकडेच राहतो. तो आधीच लिहून ठेवा. ईएसएक्सआयवरचं मूळ मशीन आठवडाभर तरी डिलीट करू नका, फक्त बंद ठेवा आणि त्याचं नेटवर्क काढा. नाहीतर कोणीतरी ते सहज सुरू करेल आणि एकाच आयपीवर दोन सर्व्हर भांडत बसतील.