अंगणात पहार घालण्याआधी

मृगाच्या सरी यायच्या आत रोपांचे खड्डे तयार हवेत, म्हणून मे महिन्यात कोकणात घरोघरी खणाखणी सुरू होते. आंब्याचा किंवा माडाचा खड्डा म्हणजे साधारण 3 फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. घरगुती दाबाची वीजकेबल जमिनीत पुरायची तर भारतीय मानकाप्रमाणे ती निदान 75 सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खाली असावी लागते. नियमाने टाकलेली केबलसुद्धा अशी सरळ तुमच्या खड्ड्यात येते. आणि परसातल्या वायरी नियमाने टाकलेल्या क्वचितच असतात. आमच्या विहिरीच्या पंपाची वायर एके ठिकाणी जेमतेम वीतभर खोल निघाली.

ती निघाली तो दिवस मला विसरता येत नाही. माडाचा खड्डा घेताना गड्याची पहार पाइपाला लागली. आतली वायर वाचली, पाइपाला नखाएवढी चीर पडली, एवढंच. पण पंप त्या वेळी चालू होता आणि गडी अनवाणी होता. म्हणून खणण्याआधी जमिनीतली वायर कशी शोधायची ते सगळं लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी वायर टाकणाऱ्या माणसाला गाठा. गावातला जुना वायरमन असेल, चर मारणारा गडी असेल, नाहीतर घरातलेच काका. त्यांना नुसतं विचारू नका, अंगणात घेऊन चाला. माणसाला वायर आठवते ती झाडाच्या खुणेने: ‘फणसाच्या अलीकडून वळवली होती.’ फणस आता नसला तरी त्याचं खोड कुठे होतं हे घरातलं कुणीतरी सांगतंच. बाबांनी पंपाची वायर टाकली तेव्हा मी लहान होते. ते गेल्यावर ती जागा फक्त काकांना ठाऊक उरली, आणि काकांनाही विचारायचं आम्हाला वायर लागल्यावरच सुचलं.

मग वही घ्या आणि घराबाहेर वीज कुठेकुठे लागते ते लिहा. पंप, गोठा, न्हाणीघर, फाटकाचा दिवा, तुळशीपाशी लावलेला बल्ब, कॅमेरा. प्रत्येकासमोर वायर कुठून निघते आणि कुठे वर येते ही दोन टोकं लिहा. भिंतीतून जमिनीत उतरणारा एकही पाइप यादीबाहेर राहू देऊ नका. मीटरपासून अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी तार लोक हमखास विसरतात. ती तुटली तर दिवे पूर्वीसारखेच लागतात, पंखे फिरतात, कुणाला काही कळत नाही. फ्रिजच्या किंवा गिझरच्या पत्र्यात एक दिवस करंट उतरतो, तेव्हा कळतं.

खांबावरून मीटरपर्यंत येणारी केबल जमिनीखालून आली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. ती तुमच्या मेन स्विचच्या अलीकडची आहे, तुम्ही मेन पाडलात तरी ती जिवंतच राहते. तिच्यासाठी महावितरणच्या माणसालाच बोलवा, तक्रारीचा 1912 हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं सरकारी अॅप 22 मार्च 2023 रोजी सुरू झालं. खणणारा आणि जमिनीखालच्या केबल-पाइपांचे मालक यांची गाठ घालून देणं हे त्याचं काम. रस्त्याकडेला खणणार असाल तर ते वापराच, पण मीटरच्या पुढे तुम्ही स्वतः टाकलेल्या वायरीचा पत्ता त्यात मिळणार नाही. तो तुम्हालाच काढायचा आहे.

यंत्राने शोधता येतं का? येतं, पण ते कसं चालतं ते समजून घ्या. नुसतं हातात धरून फिरवायचं यंत्र वायरीतल्या करंटचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. पंपाच्या केबलमध्ये तारा शेजारी-शेजारी असतात, एकीतून गेलेला करंट दुसरीतून परत येतो आणि त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ मारून टाकतात. त्यामुळे यंत्र गप्प राहिलं म्हणजे खाली वायर नाही असं मुळीच समजू नका. खात्रीची पद्धत अशी: वायर दोन्ही टोकांना सोडवायची, एका तारेला ट्रान्समीटर, म्हणजे सिग्नल सोडणारं यंत्र, जोडायचं, तिचं दुसरं टोक जमिनीला अर्थ करायचं आणि वरून तो सिग्नल पकडणारा रिसीव्हर फिरवायचा. सिग्नल मातीतून परततो, म्हणून तो वर नीट ऐकू येतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

खुणेसाठी फक्की, बांबूच्या खुंट्या, सुतळी, मोजपट्टी आणि लाल कापडाच्या चिंध्या जमवा. दोन टोकं जोडणारी रेघ फक्कीने मारा, पण ती अंदाजाची रेघ आहे हे ध्यानात असू द्या. खात्री झाली तिथेच खुंटी ठोका, तीही वायरीपासून हातभर बाजूला, आणि तिला लाल चिंधी बांधा. वळवाच्या एका सरीत फक्की धुऊन जाते, खुंट्या राहतात. रेघेच्या दोन्ही बाजूंना 2-2 फूट जेसीबी नको, टिकाव नको, पहार नको.

वीज बंद करायची तयारी वेगळी, आणि इथे मी जरा आग्रहाने सांगते. ‘आत्ता लाइट गेली आहे, तेवढ्यात उरकून घेऊ’ असं कधीही करू नका. पंपाच्या स्टार्टरला ऑटो स्विच असेल तर लाइट येताच पंप आपोआप सुरू होतो. मेन पाडा, पंपाचा एमसीबी पाडा, त्यावर चिकटपट्टी लावून ‘खणकाम चालू आहे’ असं लिहा. इन्व्हर्टर वेगळा बंद करा, कारण मेन पाडली तरी त्याच्यावरच्या वायरींत वीज असते. सोलर पॅनेलची वायर उन्हात जिवंतच असते. मग वायरमनकडून तपासणीचा मीटर लावून वायरीत वीज नाही ना ते बघून घ्या.

आता चाचणीचा चर. रेघेला आडवा, अरुंद, खुरप्याने. आमच्याकडे जांभ्याची लाल माती, तिच्यात खुरपं करकरत जातं. मध्येच आवाज बदलला, खुरपं मऊ जाऊ लागलं आणि पांढरट वाळू वर आली. वाळूखाली फुटक्या मंगलोरी कौलांचे तुकडे ओळीने पालथे घातलेले होते. मातीच्याच रंगाचे, म्हणून आधी दिसले नाहीत. त्यांच्याखाली काळा पाइप. बाबांनी कौलं घातली होती ती अशाच एखाद्या पहारीपासून वायर वाचावी म्हणून, फक्त वळणापाशी त्यांची कौलं संपली असावीत. नेमकी तिथेच पहार लागली होती.

वायर सापडली की लगेच मापं घ्या. एका खुणेपासून माप पुरत नाही, दोन पक्क्या जागांपासून घ्या: घराचा कोपरा आणि विहिरीचा कठडा. झाड खूण म्हणून धरू नका. प्रत्येक वळण, प्रत्येक जोड आणि तिथली खोली लिहा. जोड आधी बिघडतो, त्यामुळे पुढे तोच शोधावा लागतो. नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा आणि फोटो घरातल्या सगळ्यांना पाठवा, मुंबईत राहणाऱ्यांनाही. पुढे नवी वायर टाकाल तेव्हा चर बुजवण्याआधी तिच्याशेजारी मोजपट्टी पसरून, घराचा कोपरा दिसेल असा फोटो काढून ठेवा.